आधी कोणी प्यायचं

धर्मा मांडवाच्या खांबाला टेकून घोरत होता आणि सगळे हसत होते.

"मामाला चढली रं!"

"दोनच पेल्यांत?"

"मिठागरावरचा गडी हाय. खारं पानी सोसतो, गोड सोसत नाय."

धर्मा माझा धाकटा भाऊ. त्या दिवशी माझ्या किशोरची हळद होती, म्हणजे धर्मा नवऱ्यामुलाचा मामा. मामाची चेष्टा करायची रीतच आहे. कुणीतरी त्याच्या मिशीला हळद फासली, कुणी कानामागे झेंडूचं फूल खोचलं. तो हलला नाही, म्हणून जास्तच हसले. मी मागच्या चुलीवर वडे तळत होते. झारा हातात घेऊनच मांडवात आले, कारण ते घोरणं मला पटेना. लहानपणी आम्ही भावंडं एका गोधडीत झोपलेलो. धर्मा दात खायचा, झोपेत लाथा मारायचा, पण घोरायचा नाही. आणि हे घोरणं नव्हतंच. विहिरीचं पाणी तळाला गेलं की पंप कसा हवा ओढतो, तसा आवाज होता. ओढायचा आणि थांबायचा. थांबला की मी माझा श्वास धरायचे. मग परत ओढायचा. मी त्याचा खालचा ओठ बोटानं उलटा केला. आतून जांभूळ खाल्ल्यासारखा.

"हसता काय रं मेल्यांनो," मी ओरडले, "ह्यो मरतोय!"

तेव्हा कुठे हसणं थांबलं. सगळं एकदम थांबलं नाही. कडेच्या लोकांना कळायला वेळ लागला, ते थोडा वेळ हसतच होते.

वैशाख आला की हे आठवतं. मी मुद्दाम आठवत बसत नाही, पण नाकाला कोण आवरणार? आमच्याकडे गडब गावाच्या बाजूला वैशाखात वास बदलतो. खाडीचा चिखल वाळून भेगाळतो, त्याचा एक वास. मिठागरात मिठाच्या राशी लागतात, त्यांना वास नसतो असं लोक म्हणतात, पण जवळ उभं राहा, जिभेच्या शेंड्याला कळतो. आणि सकाळी जरा ऊन चढलं की सायकलच्या कॅरिअरवरून ताडी जाते. आंबट, गोड, थोडी पावासारखी. मागे माश्या. मी डोळे मिटूनही सांगेन की सायकल आत्ता गेली का मघाशी.

आमच्या लग्नांना ताडी लागते. न पिणाऱ्यांच्या घरालाही लागते. हळदीला देवापुढे माठ ठेवायचा आणि तो काठोकाठ भरलेला पाहिजे. धवलारीण त्या माठाशेजारी बसून धवले म्हणते. भटजी येतो तो लग्नाच्या दिवशी, पण हळदीच्या दिवशी आमची धवलारीण हाच आमचा भटजी. तिच्या गाण्यात देव येतात, कुळाचे मेलेले येतात, शेतं येतात, खाडी येते. तिनं बोलावल्याशिवाय कुणी आलं असं धरत नाहीत. ती सांगेल तेव्हा माठातला पहिला पेला भरायचा. पहिला तिला, दुसरा मामाला, तिसरा मुलाच्या बापाला. ह्याला मान म्हणतात. बाकीच्या गावानं नंतर प्यायची ती दुसऱ्या कॅनमधली. देवापुढच्या माठाला मानकऱ्यांशिवाय कुणी हात लावत नाही.

हे मी आता उलगडून सांगते आहे, कारण माझी नात मला विचारत असते. प्रणाली, किशोरची मुलगी. तिनं कॉलेजात जंतूंचा अभ्यास केला आणि आता नवी मुंबईकडे बिअरच्या कारखान्यात लागली आहे. तिथल्या लॅबमध्ये. सुट्टीला घरी आली की माझ्याजवळ खाटेवर पडते आणि बोलते. दुसरी कुणी नात आपल्या आजीशी काय बोलते मला माहीत नाही. आमची ही बिअरबद्दल बोलते. मी चौथी शिकले. पण ऐकायला शाळा लागत नाही आणि मला ऐकायला आवडतं.

मी तिला पहिलंच विचारलं, "बिअर करतात कशाची?"

"जवाची, आजी. जव भिजवायचे, मोड आणायचे, मग भाजायचे, भरडायचे, गरम पाण्यात गोडवा उतरवायचा."

"मोड मुद्दाम आणतात?"

"मुद्दाम."

मला हसू आलं. आमच्याकडे भात कापून शेतात आडवं पडलेलं असतं आणि वरून अवेळी पाऊस येतो. मग दाण्याला मोड फुटतो. त्या दिवशी घरात कुणी धड जेवत नाही. मोडाचं भात गिरणीवाला घेत नाही, कोंबड्यांना घालावं लागतं. मी पोरगी असताना एकदा तो मोडाचा दाणा चावून बघितला होता. गोड लागला. एवढं नुकसान आणि वर गोड कसं, हे मी आईला विचारलं तर तिनं पाठीत धपाटा घातला. आता म्हातारपणी उत्तर मिळालं. दाण्याला वाटतं आपण आता रोप होणार, म्हणून तो आपली शिदोरी सोडतो. ती शिदोरी गोड असते. माणूस ती मधेच पळवतो. प्रणाली सांगते, सगळी बिअर ह्या चोरीवर चालते.

भिजवणं आणि भाजणं मला नवीन नाही. पेणला पोह्याच्या गिरण्या आहेत, तिथे भात भिजवून भट्टीत भाजतात आणि चेपतात. गिरणीच्या गल्लीतून गेलं की ओल्या टरफलाचा वास येतो. म्हणजे आम्ही बिअरच्या अर्ध्या वाटेपर्यंत गेलो आणि पोह्यांकडे वळलो. आणि जुन्या दिवसांत शिळा भात पाण्यात घालून ठेवायचो, सकाळी तो आंबलेला असायचा, वर बारीक फेस. कांदा फोडून त्याच्याशी खायचा आणि मिठागरावर जायचं. डोकं हलकं व्हायचं. आम्ही म्हणायचो थंड असतो. झारखंडाकडे आदिवासी बायका तसाच भात शिजवून त्यात रानातल्या मुळ्या कुटून केलेल्या गोळ्या घालून भांडं झाकून ठेवतात, त्याची तांदळाची बिअर होते आणि बाजाराच्या दिवशी त्या ती द्रोणातून देतात. नेपाळात नाचणी आंबवून बांबूच्या भांड्यात घेतात, वरून कढत पाणी ओततात आणि नळीनं ओढतात. पाणी संपलं की परत ओततात. नाचणी तीच. "चहासारखं?" मी विचारलं. "चहासारखंच," प्रणाली म्हणाली. नाचणीची भाकरी मी आयुष्यभर थापली, तिच्यात एवढं दडलं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता मांडवात परत जाते.

धर्माला चौघांनी उचलला. खुर्च्या घेऊन आलेला टेम्पो दारात उभा होता, त्यात त्याला घातला. माझा नवरा आपल्या पायांनी चढला. मी चढले. नवऱ्यामुलाच्या आईनं हळदीचा मांडव सोडून जायचं नसतं. कुणीतरी तसं म्हणालंही. मी टेम्पोचं फाळकं लावून घेतलं. पेणला जायचं तर वडखळ ओलांडायला लागणार, आणि कुणाचा तरी फोन आला की वडखळला गाड्या तुंबल्यात, हलत नाहीत. लग्नाची तारीख, रस्त्याचं काम, सगळं एकत्र. म्हणून टेम्पो उलटा वळवला, नागोठण्यावरून रोह्याला.

टेम्पोत खाली धर्मा, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. समोर फळीवर नवरा. खड्डे एवढे की धर्माचं डोकं मला दोन्ही हातांनी धरायला लागत होतं. नागोठणं आलं तेव्हा नवरा म्हणाला, "मना झोप येतेय. जरा पडू दे."

तिसरा पेला त्याचा होता.

"नाय पडायचं. बस सरळ."

"जरासा गो."

मी एका हातानं धर्माचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याच्या थोबाडीत मारली.

"मारतेस काय गो?"

"मग काय आरती करू? बोल काय तरी. बोलत ऱ्हा."

"काय बोलू?"

"तुझ्या आयशीनं मला पहिल्या वर्षी काय काय ऐकवलं ते बोल."

ते त्याला सगळं पाठ होतं. तो बोलत राहिला. जीभ जड होत गेली की मी मारायचे. रोह्यापर्यंत मारत गेले. लग्नानंतर तोपर्यंत मी त्याच्यावर कधी हात उचलला नव्हता, आणि त्या दिवशी सगळं राहिलेलं फेडलं असं तो पुढे लोकांना सांगायचा. पण टेम्पोत कुणाला हसू येत नव्हतं. धर्मा ओढायचा आणि थांबायचा. थांबला की मी नवऱ्याला मारायचं विसरायचे.

ताडी झाडावरून उतरते तेव्हा ती दारू नसते. आदिवासी पाड्यावरचा जानू आमच्या बाजूची झाडं करायचा. पायात दोरीचा फास घालून तो ताडावर चढायचा. कोंब हलक्या हातानं ठोकायचा, त्याचा आवाज सकाळी शेतात ऐकू यायचा, टक टक, जसा सुतारपक्षी. मग चाकूनं पातळ काप घ्यायचा आणि मडकं बांधून उतरायचा. मडक्याला आतून चुना लावला तर रस गोड राहतो, लहान पोरांना देता येतो. चुना नाही लावला तर झाडावरच आंबायला लागतो. सकाळी गोड, दुपारी तिखट, संध्याकाळी डोक्यात. दुसऱ्या दिवशी आंबट ढाण, लोणच्याला घालावी. मी जानूला एकदा विचारलं होतं, ह्यात विरजण कोण घालतं? तो म्हणाला, "वारा." मी म्हटलं टवाळी करतो. आता प्रणाली सांगते की आंबवणारे जंतू हवेत असतात, झाडावर असतात, मडक्याच्या भोकाभोकात असतात. हजारो वर्षं माणसं बिअर पीत होती आणि ती कोण करतं हे त्यांना माहीत नव्हतं. काही ठिकाणी बायका तेच लाकूड ढवळायला पिढ्यानपिढ्या वापरायच्या, कारण दुसरं घेतलं तर बिअर होत नसे. लाकडात देव आहे म्हणायच्या. लाकडात जंतू होते. मला दोन्हीत फार फरक दिसत नाही. दोघेही दिसत नाहीत, दोघांनाही दुखवून चालत नाही.

बायकांचं म्हणाले म्हणून सांगते. जगात बिअर आधी बायकांनीच केली असं ती म्हणते. भाकरी करणारीच्या हातात धान्य, चूल आणि भांडं, मग दुसरं कोण करणार? जुन्या इराकच्या बाजूला बिअरची देवीच होती. इजिप्तात ते मोठे दगडी डोंगर बांधणाऱ्या गड्यांना रोज पाव आणि बिअर मिळायची. "मिठागरावर आम्हाला गूळ-पाणी सुद्धा कुणी दिलं नाय," मी म्हणाले. दक्षिण अमेरिकेत डोंगरातल्या बायका मका चावून थुंकतात आणि त्या थुंकीनं मका गोड होतो, मग त्याची बिअर करतात.

"ई! आणि पितात?"

"पितात. आवडीनं. उकळतात ना, आजी."

"मग तुमच्या कंपनीत कोन चावतो?"

त्यावर ती एवढी हसली की खाट हलली. विलायतेत म्हणे जुन्या काळी पोरांनाही पातळ बिअर द्यायचे, पाण्यानं हगवण लागायची, बिअरनं लागत नसे, कारण ती उकळलेली. जिच्या घरी बिअर तयार झाली ती बाई दारावर एक काठी बांधून ठेवायची, वर झुडपाचा गुच्छ. लोकांना कळायचं. तिकडच्या मठातले साधू उपवासाला दाट बिअर प्यायचे, कारण ती खाण्यात धरत नव्हते. आम्ही साबुदाण्याची खिचडी ताटभर खाऊन उपवास म्हणतो, त्यामुळे मी त्यांना नावं ठेवणार नाही. मग कुणीतरी एक कडू फूल घालायला सुरुवात केली, त्यानं बिअर टिकायला लागली. साहेबानं तीच बिअर कडू फूल जास्त घालून जहाजातून मुंबईला आणली. म्हणजे इथे आमच्या आज्या-पणज्या ताडी पीत होत्या आणि समोरच्या समुद्रातून पिंपच्या पिंपं बिअर येत होती. एकमेकांना कुणी विचारलं नाही, काय हो, तुमच्यात काय घालता?

विचारावं. मला तेवढंच कळतं. खाण्यापिण्याच्या गोष्टीबद्दल विचारावं.

त्या हळदीला माठ अर्धाच भरला होता. तारीख मोठी, गावोगाव लग्नं. जानूनं पहाटेची ताडी आम्हाला थोडी दिली, बाकीची दुसऱ्या गावाला कबूल केली होती. दुपारची सगळी तुमची, असं सांगून गेला. गावाला पाजायला ती पुरली असती. पण देवापुढचा माठ उणा होता. धवलारीण होती हिरीआते. दात नाहीत, आवाज खणखणीत. ती माठाकडे बघून म्हणाली, "उना माठ ठेवलात तर पोराचा संसार उना. भरा, मग मी तोंड उघडीन."

"आते, जानू येईलच दुपारी."

"हळद दुपारपरत थांबंल? ऊन चढला म्हंजे देव थांबत नाय."

भावकीतले दोघं मोटारसायकलवर हायवेला गेले. तिथे रस्त्याच्या कडेला एक माणूस प्लास्टिकच्या कॅनमधून ताडी विकायचा. कुठला होता कुणाला माहीत नाही. सीझनपुरता यायचा. त्यांनी कॅन आणला, माठात ओतला, माठ काठोकाठ झाला. पांढरी, फेसाळ. मी स्वतः तिथे उभी होते आणि मला बरं वाटलं. चांगला भरला म्हणाले. कुणी चव घेतली नाही, कारण देवापुढच्या माठाची आधी चव घ्यायची नसते. ते उष्टं होतं.

हिरीआतेनं धवला सुरू केला. पहिला पेला तिचा. दुसरा धर्माचा, आणि धर्मानं मान म्हणून तो एका दमात संपवला आणि मामाला एक कमी पडतो म्हणून लोकांनी आणखी एक भरून दिला. तोही संपवला. तिसरा माझ्या नवऱ्यानं अर्धा घेतला, अर्धा हातात धरून तो मंडपवाल्याशी खुर्च्यांवरून भांडत होता. भांडखोर होता. त्या दिवशी ते उपयोगी पडलं.

रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, काय प्यायले? मी म्हटलं, ताडी. ते म्हणाले, ही ताडी नाही. पाण्यात पावडर घालून ताडी करतात, झोपेची पावडर, हे तसं दिसतंय. आणखी कुणी घेतली त्यातली? त्यांना ताबडतोब आणा. मी गावात फोन लावला. माझी जाऊ सुनंदा हिरीआतेच्या शेजारी बसून होती.

"आतेला घेऊन ये. आत्ताच्या आत्ता."

"येत नाय म्हनतेय. धवला अर्धा टाकून उठले तर लगीन अर्धा ऱ्हाईल म्हनतेय."

"गातेय?"

"गातेय. मधे मधे थांबते. डोळं मिटतात. मी चिमटे काढतेय."

"काढत ऱ्हा," मी म्हणाले.

गावात तोपर्यंत दुसरंच पेटलं होतं, हे मला सुनंदानं नंतर सांगितलं. दुपारी जानू सायकलवर कॅन लादून आला. माठात अर्धी त्याचीही ताडी होती, आणि तो पाड्यावरचा. एवढं लोकांना पुरलं. कुणी सायकल आडवी केली, कुणी त्याची गचांडी धरली. एक म्हणाला, "काय घातलंस रं त्याच्यात?" हायवेवरच्या माणसाचं नाव कुणी काढेना, कारण तिकडून आणणारे भावकीतले होते. किशोर हळद लागलेल्या अंगानं मधे पडला. जानूनं आडव्या पडलेल्या सायकलवरचा कॅन सरळ केला, बूच काढलं आणि तोंडाला लावला. घट घट प्यायला. मग मांडवाच्या मधोमध, जिथे सगळ्यांना दिसेल तिथे, मांडी घालून बसला.

"आता थांबा," तो म्हणाला. "मी पडतो का बघा. पडलो तर मारा."

"पडल्यावर मारून काय उपेग?" कुणी म्हातारा बोलला. तरी थांबले. सगळा मांडव त्याच्याकडे बघत बसला. एका बाजूला हिरीआते गात होती आणि सुनंदा तिला चिमटे काढत होती, दुसऱ्या बाजूला जानू बसला होता. त्याचा घाम माश्या पीत होत्या. तो पडला नाही. बऱ्याच वेळानं उठला, सायकल उचलली आणि कॅन तिथेच ठेवून गेला. ती ताडी कुणी प्यायलं नाही. संध्याकाळी सुनंदानं ती परसात ओतली.

पुढे पोलीस आले, हायवेवर गेले. तिथे बांबूच्या चार काठ्या आणि फाटका प्लास्टिकचा कागद होता. माणूस नव्हता.

मागच्या महिन्यात प्रणाली आली होती. तिच्या बापानं तिच्या नोकरीबद्दल आजवर एक शब्द काढलेला नव्हता. नको म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. ती बिअरचं बोलायला लागली की ताट घेऊन आत जायचा. किशोर त्या हळदीपासून काही प्यायलेला नाही, ताडी नाही, बिअर नाही. कंपनीत शिफ्टला जातो, घरी येतो. त्या दिवशी ती मला आफ्रिकेचं सांगत होती. तिकडे दक्षिणेला बायका ज्वारीची बिअर करतात. पाहुणे गोल बसतात, बाई मडकं मधे आणते, वरचा फेस काढते आणि पहिला घोट स्वतः घेते. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मग मडकं पाहुण्यांच्या हातात देते.

"का?" मी विचारलं.

"ह्यात काही वाईट नाही हे दाखवायला. जिनं केली तिनं आधी प्यायची. तोच मान."

मला जानूचा कॅन दिसत होता. आमच्यात ज्याला मान द्यायचा त्याला आधी देतात. आपलं चांगलं ते आधी पाहुण्याला. ह्यात कुणी चुकीचं म्हणणार नाही. मीही जन्मभर आधी दुसऱ्याला वाढलं. पण वाढणारीनं आधी चाखावं, हा मान आहे असं मला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही त्याला उष्टं म्हणतो. कुठल्या तरी लांबच्या काळ्या बाईला ते कळलं आणि आम्हाला नाही, ह्याचा मला राग आला. मग विचार आला, तिलाही ते उगीच कळलं नसणार. तिच्याही कुणाचा तरी भाऊ कधी तरी खांबाला टेकून घोरला असेल.

किशोर आत जाणार होता. ताट उचललं होतं. तो दारात थांबला.

"तुमच्या कंपनीत," तो म्हणाला, "आधी कोन पितो?"

प्रणाली गोंधळली. बाप पहिल्यांदाच विचारत होता.

"आम्हीच, बाबा. लॅबवाले. प्रत्येक बॅच आधी आम्ही चाखतो, मशीनवर तपासतो, आम्ही सही केल्याशिवाय बाहेर जात नाही."

"म्हंजे तू."

"म्हणजे मी."

किशोर ताट हातात घेऊन उभा राहिला. मला वाटलं आता ओरडेल. बापाला मुलीबद्दल असं ऐकायला आवडत नाही, आणि तो तर तसल्या मांडवातून आलेला. त्याचा चेहरा मी वाचू शकले नाही, आईलाही सगळं वाचता येत नाही. मग तो परत खाली बसला, तिच्यासमोर, आणि भात कालवायला लागला.

"घोट मोठा घेतेस का लहान?"

"लहान, बाबा. आणि तपासल्याशिवाय नाय."

"लहानच घे," तो म्हणाला आणि जेवला.

मी प्रणालीला आणखी एक विचारलं, जे मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. हिरीआतेनं पहिला पेला घेतला, वयानं सगळ्यांत मोठी, अंगानं चिपाड. मग ती कशी वाचली आणि धर्माचं तसं का झालं? लोक म्हणतात गाण्यानं जाग राहिली. देवानं राखली म्हणतात. मला दोन्ही पटत नाहीत. मी तिला बघितलं होतं. ती पेला हातात घेतला की आधी मेलेल्यांची नावं घ्यायची आणि प्रत्येक नावाला थोडी थोडी जमिनीला द्यायची. आमच्या कुळात मेलेले पुष्कळ. पेल्यात उरायचं किती? प्रणाली म्हणाली, जगात खूप ठिकाणी असं करतात, पिण्याआधी जमिनीला देतात, जुन्या लोकांना देतात. का करतात ते प्रत्येकजण वेगळं सांगतो. मी म्हटलं, मी सांगू का? कुणी तरी कधी तरी बघितलं असेल की देणारे टिकतात.

"तसं नाही म्हणता येणार, आजी."

"तुला नसंल येत. मला येतं."

रोह्याच्या दवाखान्यात खिडकीतून कुंडलिका नदी दिसायची. वैशाखातलं पाणी, मधे मधे दगड उघडे पडलेले, बायका धुणं धुवत होत्या. धर्माला नळी लावली होती. त्याच्या मिशीला अजून हळद होती, मी पदर ओला करून पुसली तर नर्स म्हणाली राहू द्या. कानामागचं झेंडूचं फूल टेम्पोत पडलं होतं. नवरा शेजारच्या खाटेवर ओकत होता आणि ओकता ओकता डॉक्टरांशी भांडत होता, तेव्हाच मला कळलं की ह्याला काही होत नाही. धर्मा बोलला नाही. डोळे एकदा उघडले, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

तो दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना गेला. किशोरचं लग्न सुतक फिटल्यावर देवळात झालं, मांडव नाही, माठ नाही.

हिरीआते त्या दिवशी धवला पुरा करून झोपली ती संध्याकाळी उठली आणि तिनं चहा मागितला. पुढे पुष्कळ लग्नांत ती गायली. माझा नवरा गेला तो नंतर बऱ्याच वर्षांनी, साखरेनं. त्या माठातलं तिघांनी घेतलं होतं. हिरीआते जगली. माझा नवरा जगला.